सगळ्यांचा नंबर पहिला

ऐक ना, आधी नुसतं ऐक. मध्ये शंका काढायच्या नाहीत, आणि तुला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही हेही सांगत बसायचं नाही, कारण यात कळण्यासारखं एवढंच आहे की एक रांग असते आणि रांगेत कुणाचा तरी नंबर आधी लागतो. ते तुला कळतं. बँकेत कळतं, तिकिटाच्या खिडकीला कळतं, सकाळी बाथरूमच्या दाराबाहेर तर फारच कळतं.

तर मुंगी. ऑफिसात तिला सगळे मुंगीच म्हणतात, कारण ती लहानखुरी आहे आणि सतत काहीतरी ओढून नेत असते, एक काम संपलं की लगेच दुसरं. टायरच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर त्यांचं ऑफिस. खाली दिवसभर हवा भरायचा पंप धडधडतो आणि वर तेरा माणसं बसून हॉस्पिटलातल्या मशीनसाठी ऑपरेटिंग सिस्टिम बनवतात. म्हणजे मशीनवर जे प्रोग्राम दिसतात ना, लॅबच्या रिपोर्टचा, औषधांचा, एक्स-रेचा, ते बनवणारे वेगळे. हे लोक त्या सगळ्यांच्या खालचं बनवतात. त्यातलाही सगळ्यात आतला भाग म्हणजे कर्नेल, आणि कर्नेलचं काम काय, तर दिवसभर भांडणं सोडवायची. प्रोसेसर एक, मागणारे पन्नास. डिस्क एक, तिच्यावर लिहिणारे पन्नास. आता कुणाची पाळी, त्यानंतर कुणाची, हे ते ठरवतं. मुंगी कर्नेलवर काम करते.

एक दिवस पोस्टमन तक्रार घेऊन आला. खरा पोस्टमन नव्हे हं. हा गिऱ्हाइकांचे फोन घेतो आणि त्यांची रडगाणी वर आणून टेबलाटेबलावर वाटतो, म्हणून पोस्टमन. आवाज इतका गोड की शिव्या घालायला फोन केलेला माणूस शेवटी थँक्यू म्हणून ठेवतो.

"मोठ्या हॉस्पिटलातल्या लॅबच्या बाई," तो म्हणाला. "एक्स-रेवाल्यांनी काही चालू केलं की यांचा रिपोर्ट छापायला पाच-पाच मिनिटं. मी माझ्याकडून होतं ते सगळं करून दिलंय, पण आता त्या माझ्या आवाजालाही भीक घालत नाहीत."

"बघते," मुंगी म्हणाली. त्यानं काय करून दिलंय ते तिनं विचारलं नाही. त्याला तरी कुठं वाटलं की सांगावं.

आता बघ, त्यांच्या सिस्टिममध्ये प्रत्येक प्रोग्रामला दोन नंबर असतात. एक प्रोसेसरच्या रांगेतला, एक डिस्कच्या रांगेतला. शून्य ते सात. शून्य म्हणजे सगळ्यात पुढे, सात म्हणजे सगळ्यांचं झाल्यावर. आणि ज्याच्याबद्दल कुणीच काही सांगितलेलं नाही त्याला आपोआप चार. मुंगीनं ऑफिसातल्या मशीनवर दोन प्रोग्राम चालू केले, एकाला डिस्कचा शून्य दिला, दुसऱ्याला सात, आणि दोघांनाही डिस्कवर ढीगभर लिहायला लावलं. शून्यवाला आधी संपायला हवा. दोघं हातात हात घालून एकदमच संपले. तिनं नंबर उलटे केले. तेच. तिसऱ्यांदाही तेच.

दोन दिवस ती त्या कोडमध्ये घुसून बसली होती, जेवायला उठवावं लागायचं. आणि सापडलं ते असं. तुम्ही नंबर दिलात की कर्नेल तो नीट घ्यायचं, त्या प्रोग्रामच्या नावापुढे नोंदवायचं, विचारलं तर इमानेइतबारे दाखवायचंसुद्धा. पण प्रोग्राम काही स्वतः डिस्कपर्यंत जात नाही. तो आपलं ओझं मेमरीत ठेवतो आणि पुढच्या कामाला लागतो. मग कर्नेलमधला एक हमाल येतो, सगळ्यांची ओझी उचलतो आणि डिस्कच्या दारात नेतो. दारात बघतात ते हमालाचा नंबर, आणि हमालाचा नंबर चार. म्हणजे वशिल्याची चिठ्ठी मालकाच्या खिशात, मालक घरी, आणि ओझं घेऊन रांगेत उभा आहे तो हमाल. सहा वर्षं हेच चाललेलं. सहा वर्षांत डिस्कच्या त्या नंबरानं कुणाचंही एक अक्षर पुढे सरकलं नव्हतं.

दुरुस्ती सोपी होती. चिठ्ठी ओझ्यालाच चिकटवायची. प्रोग्रामनं ओझं मेमरीत ठेवलं की तिथंच त्यावर त्याचा नंबर मारायचा, आणि हमालानं दारात स्वतःचा नंबर न दाखवता ओझ्यावरचा दाखवायचा. एक्केचाळीस ओळी. लिहिल्या, तपासल्या आणि गुरुजींपुढे ठेवल्या.

गुरुजी म्हणजे ऑफिसातले सगळ्यात जुने. आधी शाळेत गणित शिकवायचे, तो लाल पेन अजून सुटलेला नाही. कोड कागदावर छापून घेतात आणि वहीसारखा तपासतात. त्यांच्या सहीशिवाय कर्नेलमध्ये स्वल्पविराम जात नाही.

"बरोबर आहे," गुरुजी म्हणाले. असं ते वर्षातून दोनदा म्हणतात.

"मग सही करा ना."

"सहा वर्षं चुकीचं चाललं, कुणाचं काही अडलं नाही. आता बरोबर चालल्यावर काय होईल ते पाहिलंस का?"

"सगळ्या टेस्ट केल्यात गुरुजी. ऑफिसातल्या तिन्ही मशीनवर."

"हा डिस्कचा नंबर आज वापरतं कोण?"

"कोणीच नाही. चालतच नव्हता, तर कोण वापरेल?"

गुरुजींनी पेन जरा वेळ हवेत धरलं आणि सही केली. आता तू म्हणशील, बरोबरच आहे तिचं. मलाही तेच वाटलं असतं. बंद नळाखाली बादली कोण लावतं? आणि नेमकं तिथंच घोडं पेंड खात होतं.

मंगळवारी सकाळी त्या हॉस्पिटलात नवीन कर्नेल चढलं. दुपारी लॅबच्या बाईंचा फोन, रिपोर्ट फटाफट निघतायत. बुधवारी औषधांच्या खिडकीवरून फोन, आमचंही छान चाललंय, एवढ्यासाठीच केला होता. कौतुक करायला कुणी फोन करतं का कधी? पोस्टमननं मुंगीला स्वतःच्या खिशातून कॉफी पाजली. गुरुजी म्हणाले, "जास्त खूश होऊ नका, गुरुवार यायचाय." त्यांना काही माहीत नव्हतं हं, ते दर बुधवारी असंच म्हणतात.

इथं मावशी येते. मुंगी मावशीकडेच राहते, नोकरी लागल्यापासून. दोन खोल्या, एक गॅलरी, आणि मावशी. ही मावशी त्याच हॉस्पिटलात रक्तपेढीत आहे, बावीस वर्षं. आणि मावशीचा स्वभाव सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मावशी तक्रार करत नाही. म्हणजे सोसते, रडते, असलं काही नाही, तिला ते सुचतच नाही. आठ महिने त्यांचा गीझर बंद होता. मावशी गॅसवर पाणी तापवून बादली भरून ठेवायची आणि मुंगी आठ महिने त्या पाण्यानं आंघोळ करून ऑफिसला जायची, हिला वाटायचं गीझरचं आहे. वरच्या मजल्यावर दुरुस्तीवाला आला आणि चुकून यांच्या दारात उभा राहिला तेव्हा कळलं. "अगं, सांगायचं नाही का?" "चालतंय की. गरम होतं ना पाणी?"

तर रक्तपेढीत एक मोठा फ्रीज, आणि खोली थंड म्हणून सगळ्या हॉस्पिटलचं मिळून असलेलं एकुलतं एक मशीनही तिथंच. त्यात रक्ताच्या पिशव्या, त्या दिवशी त्रेचाळीस. फ्रीजचं तापमान दोन ते सहा डिग्रीच्या मध्ये राहायला हवं, आणि ते राहिलं याची दर मिनिटाला एक नोंद मशीनमध्ये पडते. मावशीच्या स्क्रीनवर त्याचा आलेख दिसतो, टिंबाला टिंब लागून. हॉस्पिटलचा नियम असा की अर्ध्या तासापेक्षा जास्त नोंद नसेल तर त्या फ्रीजमधली एकही पिशवी द्यायची नाही, सगळ्या टाकून द्यायच्या. फ्रीज थंड असेलही, पण मधल्या वेळात तो थंड होता असं छातीवर हात ठेवून कोण सांगणार?

गुरुवारी अकरा वाजून चौदा मिनिटांनी मावशीचा फोन आला. मावशी ऑफिसात फोन करत नाही. 

"कामात आहेस का?" मावशी म्हणाली. "नसशील तर एक विचारायचं होतं."

"बोल ना मावशी."

"माझा आलेख थांबलाय गं."

"कधीपासून?"

"दहा बत्तीस."

मुंगीनं घड्याळ बघितलं. "मावशी, बेचाळीस मिनिटं झाली. आत्ता सांगतेस?"

"म्हटलं, येईल नंबर. आधीही कधी कधी दोन-चार मिनिटं थांबायचा आणि मग सगळी टिंबं एकदम यायची." मग आवाज होता तसाच ठेवून ती म्हणाली, "साडेअकराला ऑपरेशनवाल्यांचा माणूस येईल. दोन पिशव्या न्यायच्यात. ऑपरेशन आहे त्या बाईंचा रक्तगट दुर्मिळ आहे, त्या दोनच आहेत आपल्याकडे. आलेख नसेल तर मला सही करता यायची नाही. आणि आमचा इथला कॉम्प्युटरवाला आलाय, मशीन बंद करून चालू करतो म्हणतोय. करू देऊ?"

"नाही," मुंगी इतक्या जोरात म्हणाली की पलीकडच्या टेबलावरचा माणूस हेडफोन काढून बघायला लागला. "मावशी, त्याला हात लावू देऊ नकोस. नोंदी हरवलेल्या नाहीत. त्या मेमरीत आहेत, डिस्कच्या दारात उभ्या आहेत. मशीन बंद केलं की गेल्या."

पलीकडून खुडबूड ऐकू आली. कॉम्प्युटरवाल्याचा आवाज, "ताई, दोन मिनिटांचं काम आहे हो, मला अजून तीन मजले करायचेत." मावशीचा आवाज, "तीन मजले करून या, मी इथंच आहे." मग फोनवर, "स्विचसमोर खुर्ची ठेवून बसलेय. तू बघ काय ते."

हॉस्पिटलच्या मशीनमध्ये ऑफिसातून शिरता येतं. मुंगी शिरली आणि डिस्कच्या रांगेची यादी मागितली. यादी आली. नऊ प्रोग्राम शून्यावर. लॅब, औषधं, एक्स-रे, नवीन पेशंटची नोंद, केसपेपर. एवढंच असतं तर म्हटलं असतं ठीक आहे. त्यात स्वयंपाकघराचा डबे मोजायचा प्रोग्राम शून्यावर. पार्किंगचं फाटक शून्यावर. आणि रक्ताचा फ्रीज चारवर.

तिनं खुर्ची फिरवली. "पोस्टमन, हे शून्य कुणी दिलेत?"

"मी," पोस्टमन म्हणाला, आणि चक्क अभिमानानं म्हणाला.

"सगळ्यांना?"

"ज्यांनी तक्रार केली त्यांना. मॅन्युअलमध्येच आहे ना, मशीन हळू चालत असेल तर डिस्कचा नंबर पुढचा द्या. पहिला नंबर दिलाय म्हटलं की माणूस एकदम गार."

"आणि फरक पडायचा?"

"पडायचा म्हणजे? दुसऱ्या दिवशी फोन करून सांगायचे. फाटकवाला तर म्हणाला, दांडा आता कसा झटकन उचलतो."

"तो नंबर मंगळवारपर्यंत चालतच नव्हता."

"मग तू ऑफिसच्या मीटिंगमध्ये डिस्कचा नंबर दुरुस्त केला म्हणालीस ते..."

"तेच."

"मला वाटलं शून्यापेक्षाही वरचा काढलास."

बघितलंस? याला वाटायचं नंबर पहिल्यापासून चालतो. हिला वाटायचं कुणी वापरतच नाही. एकाच खोलीत बसतात, रोज एकत्र जेवतात. सहा वर्षं हा माणूस पोकळ चिठ्ठ्या वाटत होता, कुणाचं काही बिघडत नव्हतं, कारण सगळे सारखेच अडकत होते. मंगळवारी सकाळी त्या सगळ्या चिठ्ठ्या एकदम खऱ्या झाल्या. आणि मूल रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात, तसं जी कधी रडली नाही ती एकटी चारवर राहिली.

मंगळवार-बुधवार काही झालं नाही, कारण डिस्कला तेवढी गर्दी नव्हती. दर गुरुवारी साडेदहाला एक्स-रेचा प्रोग्राम आठवड्याचे जुने फोटो आवरून ठेवायला घेतो. मोठमोठाले फोटो, सलग दीड-दोन तास, आणि प्रत्येक ओझ्यावर शून्याचा शिक्का. शून्यवाले संपल्याशिवाय चारवाल्यांकडे बघायचंच नाही असं कर्नेल, आणि शून्यवाले काही संपेनात. दहा एकतीसपर्यंतच्या नोंदी कशाबशा निसटल्या, पुढच्या दारातच अडकल्या.

मुंगीनं जे कुणीही केलं असतं ते केलं. मावशीच्या प्रोग्रामला शून्य दिला.

"मावशी, काही आलं का?"

"एक टिंब आलं. अकरा अठराचं." मग मावशी म्हणाली, "मधलं काही नाही गं. हे तर जास्तच वाईट दिसतंय. आता मोठं भोक दिसतंय."

मुंगीला कारण लगेच कळलं, कारण ते तिनंच लिहिलं होतं. नंबर ओझ्यावर मारला जातो तो ओझं मेमरीत ठेवतानाच. आता नंबर बदलला तर नवीन ओझ्यांवर नवीन शिक्का. जी आधीच रांगेत उभी आहेत त्यांच्या कपाळावर चारच. एक्केचाळीस ओळींत कुठंही असं नव्हतं की मालकाचा नंबर बदलला तर मागच्यांचेही शिक्के बदला.

म्हणजे मावशीला पुढे आणून उपयोग नाही. मावशीच्या पुढच्याला मागे न्यायला हवं. आणि पुढे सगळी गर्दी एकट्या एक्स-रेची. त्याला सातवर टाकलं की त्याची नवीन ओझी मागे जातील, आधीची शून्यवाली अर्ध्या मिनिटात निघून जातील, आणि चारचं दार उघडेल. पण पाऊण तास तुंबलेलं सगळं त्या दारातून निघणार, एकट्या मावशीचंच नाही, चारवर असलेल्या सगळ्यांचं. तिनं ढिगाचा आकार बघितला, भागाकार केला. चार मिनिटं. ती चार मिनिटं एक्स-रेला काही म्हणजे काही मिळणार नाही. आणि गोम अशी की जुने फोटो आवरणारा आणि डॉक्टरांना समोर फोटो उघडून दाखवणारा प्रोग्राम एकच होता. आवरणं थांबवायचं तर दाखवणंही थांबणार.

"एक्स-रेवाल्यांना विचार," ती पोस्टमनला म्हणाली. ऑफिसचा नियमच आहे, ज्याच्या विभागाचं काही बदलायचं त्याचा होकार घ्यायचा.

पोस्टमननं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. अकरा वीस. परत वाजतोय. हॉस्पिटलच्या ऑपरेटरला लावला, ती म्हणाली, एक्स-रेला सगळे आत आहेत, निरोप देते, आणि निरोप द्यायला म्हणून तिनं यालाच होल्डवर टाकलं.

"गुरुजी, करू का?"

गुरुजी केव्हाचे तिच्या मागे येऊन उभे होते, हातात ते लाल पेन. "मला विचारू नकोस," ते म्हणाले. "विचारलंस तर मी थांब म्हणेन. हॉस्पिटलात कुणाला थांबवायचं हे टायरच्या दुकानावर बसून ठरवू नये असं माझं मत आहे."

"मग नको करू?"

"आणि तिकडे ती बाई टेबलावर आहे. ते मी ऐकलंय. म्हणून तर म्हणतोय, मला विचारू नकोस."

फोनवर मावशीच्या मागे फ्रीजची घरघर येत होती. मावशी म्हणाली, "दारावरचा काटा चारवर आहे गं. फ्रीज एकदम थंड आहे. पण मी म्हणून काय उपयोग."

अकरा एकवीसला मुंगीनं एक्स-रेला सात दिला.

पहिलं अर्धं मिनिट काहीच नाही. मग तिच्या स्क्रीनवरचा ढीग कमी व्हायला लागला आणि मावशी वाचायला लागली. दहा बत्तीस, चार पूर्णांक एक. दहा तेहेतीस, चार पूर्णांक एक. दहा चौतीस, चार. मुंगी म्हणाली, "मावशी, वाचू नकोस, नुसतं बघ." मावशी म्हणाली, "मी बघतेच आहे, पण वाचलं की बरं वाटतं." अकरा पंचवीसला भोक बुजलं. सगळीच्या सगळी टिंबं, एकही पाच डिग्रीच्या वर नाही. मावशी म्हणाली, "ठेवते. माणूस आला." बस, एवढंच. थँक्यू नाही की काही नाही.

मुंगीनं खुर्चीला पाठ टेकली. आणि पोस्टमनचा फोन वाजला. एक्स-रे. होल्डवरचा निरोप पोचला म्हणून नव्हे. त्यांची स्क्रीन अडकली होती म्हणून.

दुपारभर तिनं एक एक करून नवाच्या नवांना आणि मावशीच्या प्रोग्रामलाही चारवर आणलं. एक्स-रेलासुद्धा चार, पण जुने फोटो आवरायचं काम त्यांना रात्री लावायला सांगितलं. या वेळी विचारून. म्हणजे पोस्टमननं विचारून, आणि त्याचे हाल तू ऐकायला हवे होतेस. सहा वर्षांचा गोड आवाज एका दुपारी बसला. औषधांच्या खिडकीवरची बाई म्हणाली, "असं कसं, तुम्ही नंबर दिल्यापासून आमचं किती भराभर चालतंय." तो म्हणाला, "अहो तो नंबर नुसता दिसायला होता." ती म्हणाली, "असू दे, आम्हाला तोच हवा." फाटकवाल्यानं तर ऐकूनच घेतलं नाही, दांडा जड झाल्याची तक्रार तिथल्या तिथं नोंदवली.

संध्याकाळी मुंगी घरी गेली तर मावशी भाजी निवडत बसलेली.

"बाई कशा आहेत?" मुंगीनं विचारलं.

"शुद्धीवर आल्या. दोन्ही पिशव्या लागल्या."

"मावशी, दहा बत्तीसलाच फोन का नाही केलास? निदान दहा चाळीसला?"

"तू कामात असशील म्हटलं."

"आणि इतकी वर्षं ते मधेमधे थांबायचं, कधी तक्रार नाही केलीस? एकदा केली असतीस तर पोस्टमननं तुलाही शून्य दिला असता. हे काही झालंच नसतं."

मावशीनं एक किडकी शेंग बाजूला टाकली. "मग मी दहावी झाले असते. अकरावं कुणीतरी अडकलं असतं," ती म्हणाली, आणि शेंगांची अर्धी रास मुंगीपुढे सरकवली.

इथंच संपलं असतं तर मी तुला एवढं धरून बसवलं नसतं. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, एक्स-रेच्या डॉक्टरांचा फोन आला. पोस्टमन आवाज गोड करून म्हणाला, काल जरा तांत्रिक अडचण होती सर. डॉक्टर म्हणाले, मला अडचण नकोय, नंबर ज्यानं बदलला तो माणूस हवाय. मुंगीनं फोन घेतला.

"अकरा एकवीसला आमचा नंबर तुम्ही खाली केलात?"

"हो."

"का?"

तिनं सांगितलं. रक्तपेढी, नोंदी, साडेअकरा, सगळं. फोन लावला होता हेही सांगितलं. 

डॉक्टर म्हणाले, "फोन बाहेरच्या खोलीत वाजत होता. आम्ही सगळे आत होतो. एक गवंडी होता माझ्यासमोर. बांधकामाच्या परांचीवरून पडलेला. त्याच्या डोक्याचा फोटो निम्मा उघडला आणि थांबला. मी चार मिनिटं निम्म्या डोक्याकडे बघत बसलो. आत रक्त साचलंय की नाही ते दुसऱ्या अर्ध्यात दिसणार होतं."

मुंगीनं विचारलं, "आता कसे आहेत ते?"

"बरा आहे. साचलं नव्हतं. त्या चार मिनिटांनी काही बिघडलं नाही." मग म्हणाले, "पण हे मला आज माहीत आहे. काल अकरा एकवीसला मला माहीत नव्हतं. आणि तुम्हाला तर तो तिथं आहे हेच माहीत नव्हतं."

"नव्हतं."

"मी भांडायला फोन केलेला नाही. मला फक्त एक विचारायचंय. माहीत असतं तर?"

खाली पंप धडधडत होता. पोस्टमन आणि गुरुजी दोघं तिच्या तोंडाकडे बघत होते. स्क्रीनवर ती यादी उघडीच होती, सगळ्यांपुढे चार, चार, चार. तिनं यादी वरपासून खालपर्यंत एकदा वाचली आणि म्हणाली, "डॉक्टर, मला सांगता येत नाही." डॉक्टर म्हणाले, "मलाही नाही. सोमवारी मीटिंग ठेवलीय, रक्तपेढीच्या ताईंनाही बोलावलंय. तुम्ही या. कुणाच्या आधी कुणी, ते आम्ही समोरासमोर बसून ठरवू, तुम्ही फक्त लिहून घ्या." आणि ठेवला.

ती जाणार आहे सोमवारी. पण कालपासून भेटेल त्याला हेच विचारत सुटलीय, आणि काल मलाही विचारलं, आणि मला काही सुचलं नाही म्हणून मी तुझ्याकडे आलो. तू त्या खुर्चीत आहेस असं धर. अकरा एकवीस झालेत. एका बाजूला ऑपरेशनवाली बाई, जिच्याबद्दल तुला माहीत आहे. दुसऱ्या बाजूला तो गवंडी, आणि या वेळी त्याच्याबद्दलही माहीत आहे. फोन कोणी उचलत नाहीये, गुरुजी बोलत नाहीयेत, मावशी खुर्ची टाकून स्विचसमोर बसलीय. आता बोल, मघापासून तोंड उघडायला बघतोयस ना? तू काय केलं असतंस?